आपल्या घरचं पाणी

रक्षाने कडी वाजवली, तसे किराणा दुकानदार पुंडलिकराव दारातूनच म्हणाले,

"आमची टाकी पक्की आहे, बाई. नाल्यात थेंब नाई जात."

रक्षाने मान डोलावली नि पुढचं घर गाठलं. तिथेही तेच. सगळे साळसूद! पिपरी मेघे गावाच्या बाजूला शेतं मोडून हा घरांचा लेआउट पडला आणि घरोघरच्या संडासाच्या टाक्यांचे पाइप गुपचूप नाल्यात सोडले गेले, हे कोणाला ठाऊक नव्हतं? नाला खालच्या तळ्याला मिळे. मैल्याच्या खतावर तिथे शेवाळ असं माजलं, की मासे गुदमरून उलटे तरंगू लागले. तळ्यातल्या मासळीवर पोट असलेली पंचफुला रोज रिकाम्या हाताने परतत होती. पाणी शुद्ध करायला सरकारचा निधी मंजूर झाला होता. पण आपल्या घरचं पाणी नाल्यात जातं, असं निम्म्या घरांनी लिहून दिलं तरच तो मिळणार होता. मुदत आजची. ग्रामपंचायत सदस्य म्हणून रक्षा दारोदार हिंडत होती. एकाने सही केली की बाकीचे करतील, अशी तिची भाबडी आशा.

शेवटी ती आपल्याच घरी आली. सासरे बंडूजी पेपर वाचत होते.

"मामाजी, आपण पहिली सही करू."

बंडूजींनी चष्मा काढला.

"माह्या बापानं विहिरीले हात लावला, तं पानी बाटलं म्हणून मारलं त्याले. आन् आता मीच लिहून देऊ, का माह्या घरानं तळं नासवलं?"

आपण काय मागतोय, हे रक्षाच्या आत्ता ध्यानात आलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मासे मरून राह्यले, मामाजी," ती एवढंच म्हणाली.

बंडूजी उठले. लोखंडी सब्बल घेऊन अंगणात गेले आणि टाकीवरची फरशी उचकटली. दुर्गंधी सुटली. शेजारी कुंपणाशी जमले.

"पाहा! जाते आमचं पानी नाल्यात," बंडूजी मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी सही केली.

रक्षाने कागद कुंपणावरून पुढे धरला. कोणाचाच हात आला नाही.

"तरीच म्हटलं, तळ्याले वास काऊन येते," पुंडलिकराव बायकोला म्हणाले. "या लोकायच्या घरचं पानी."

त्यांच्या भिंतीतला पाइप तेव्हाही नाल्यात गळत होता. त्यांनी पाठ फिरवली, तसे बाकीचेही पांगले.

बंडूजींनी फरशी परत टाकीवर सरकवली. आत जाऊन ते साबणाने हात धुऊ लागले. बराच वेळ धूत राहिले.