निळ्या साल्व्हियाच्या झारीवर आलेला आळ

मित्रांनो, कुणकेश्वरला गौरजाच्या अंगणात कधी गेलात, तर विहिरीपलीकडच्या माडाच्या बुंध्याशी जरा वाकून बघा. तिथे नारळाच्या सोलून टाकलेल्या सोडणांच्या ढिगात जी आडवी पडली आहे, ती मी. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. हल्ली माझ्यावर कोंबडी बसते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही, कारण तिने मला कधी आपले म्हटले नव्हते. ज्यांनी म्हटले होते, त्यांची ही गोष्ट आहे.

माझा जन्म फोंडाघाटचा. तिथल्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला घडवले. त्याने जस्ती पत्रा कापून गोल वळवला, सांध्यांना डाग दिला आणि नळीच्या टोकाला बारीक भोकांची चाळण बसवली. गौरजाच्या वडिलांनी मला घरी आणले, तेव्हा गौरजा आणि तिची धाकटी बहीण शर्मिष्ठा फ्रॉकातल्या पोरी होत्या. झाडांना पाणी कोणी घालायचे यावरून दोघी भांडायच्या आणि त्या भांडणात निम्मे पाणी माझ्यातून त्यांच्याच पायांवर सांडायचे. पुढे गौरजा लग्न होऊन कुणकेश्वरला निघाली, तेव्हा भांड्यांबरोबर मीही गाडीत चढले. सासरी तिच्या माहेरचे असे कोणी असेल, तर ती मीच होते.

गौरजा इथल्या शाळेत शिकवते. तिचा नवरा जयराम याचे देवळाच्या वाटेवर नारळ, अगरबत्तीचे दुकान आहे. माणूस वाईट नाही. पण त्याचा सगळा जीव त्याच्या माडांवर. पाऊस सुरू झाला की माडांच्या आळ्यात मीठ आणि सुक्या मासळीचा चुरा घालायचा, ही त्याच्या घराण्याची रीत. माड मिठावर पोसतो हे खरेच आहे. त्याचे माड असे लगडतात की वाटेने जाणारा मान वर करून बघतोच, आणि मग जयरामची मानही वर होते.

निळी साल्व्हिया, म्हणजे निळ्या तुऱ्यांचे ते फुलझाड, आमच्याकडे आली ती शर्मिष्ठाच्या अंगणातून. तिने फोंडाघाटहून कागदाच्या पुडीत बी पाठवले. इतके बारीक, की गौरजाने श्वास रोखूनच पुडी उघडली. पावसाळा सरल्यावर तिने रंगाच्या रिकाम्या डब्यांना खाली भोके पाडली. तांबडी माती, वाळू आणि मुरलेले शेणखत कालवून डबे भरले. बी मातीत पुरले नाही, नुसते वर पसरून तळहाताने दाबले, कारण त्याला उजेड लागतो. त्या दिवसांत माझा खरा मान होता. बादलीने पाणी ओतले असते तर बी वाहून गेले असते. माझ्या चाळणीतून ते दवासारखे उतरायचे.

रोपे वीतभर झाल्यावर गौरजाने त्यांचे शेंडे खुडले. जयराम हसला. वाढत्या झाडाचा शेंडा मोडणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. पण खुडल्यावर रोपे भरली, फांद्या फुटल्या आणि उन्हात निळे तुरे उभे राहिले. खतही ती बेताने द्यायची. शेणखत भिजवून, गाळून, पाण्यात फिक्या चहाइतके पातळ करायचे आणि पंधरवड्यातून एकदा घालायचे, बस्स. जास्त दिले तर नुसता पाला माजतो आणि फूल रुसते, असे ती मला धुताना पुटपुटायची. हो, ती मला दर वेळी धुवायची. एवढी माया मला पुन्हा कोणी लावली नाही.

त्याच हिवाळ्यात शर्मिष्ठाकडे घराचे बांधकाम निघाले आणि तिची सगळी साल्व्हिया वाळूखडीखाली गेली. फोनवर ती रडवेली झाली होती. होते नव्हते ते बी तिने बहिणीलाच दिले होते. गौरजाने तिला शब्द दिला, "रडा नको गो. तुरे सुकले की सगळा बी तुकाच देतलय." तेव्हापासून गौरजाने फुलून गेलेले तुरे कापणे थांबवले. तुरे झाडावरच वाळू लागले. अजून थोडे ऊन लागले असते, तर बी तयार झाले असते.

नेमके तेव्हाच तिला आठवडाभर ओरोसला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जावे लागले. जाताना तिने मला जयरामच्या हाती दिले आणि सकाळी फक्त पाणी घालायला सांगितले. खत मुळीच घालू नका, हेही सांगितले. त्याने मान डोलावली. मीही निर्धास्त होते.

पहिले काही दिवस त्याने नीट पाणी घातले. मग एके दुपारी रोपे उन्हाने जरा मलूल दिसली आणि त्याच्या मनात आले की ही बिचारी उपाशी आहेत. बायको परत येईल तेव्हा तुऱ्यांनी डबे भरलेले दाखवायचे, हा त्याचा बेत. खोटे कशाला बोलू, बेत प्रेमाचाच होता. त्याने दुकानातले जाडे मीठ आणले, त्यात सुक्या मासळीचा चुरा टाकला आणि ते सगळे माझ्यात कालवले.

"माडाक जा चलता, ता हेंका चलाक नको?" तो स्वतःशीच म्हणाला.

मासळीचे खवले माझ्या चाळणीत अडकले आणि पाणी बाहेर येईना. मित्रांनो, मला वाटले, बरे झाले. पण त्याने चाळण उपटून बाजूला ठेवली आणि ते खारट पाणी नळीतून सरळ मुळांशी ओतले. ज्या रोपांना मी थेंबाथेंबाने वाढवले, त्यांच्या मुळांवर माझ्याच नळीतून मीठ गेले. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. अजून भूक आहे, असे समजून त्याने पुन्हा तेच पाणी घातले. आठवडा संपायच्या आत सगळे डबे काळवंडले. तुरे हिरवट असतानाच गळून पडले, आतले बी पोचट राहिले.

मग त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मला विहिरीवर नेऊन घासून धुतले. चाळणही जागच्या जागी बसवली.

गौरजा एसटीतून उतरून आली ती पिशवी खांद्यावर ठेवूनच डब्यांपाशी बसली. एकेक फांदी मोडून बघू लागली. काय झाले, असे तिने विचारले. जयरामने तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. माझ्या मुठीवर गंजाचा एक लहानसा डाग आहे, तेवढाच. त्याच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ही झारी गंजलेली आसा. गंजाचा पाणी जावन झाडा जळली."

मला वाटले, गौरजा हसेल. इतकी वर्षे तिने मला हाताळले होते. पण ती हसली नाही. तिने मला स्वतःच्या हाताने उचलले आणि या माडाखाली टाकून दिले. त्या घटकेला माझे माहेर तुटले.

दोन दिवसांनी शेजारच्या राधाबाईंचे मांजर त्या डब्यांत तोंड घालून माती चाटू लागले. गौरजाने त्याला हाकलले आणि ती थबकली. मातीवर पांढरी खपली धरली होती. तिने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावली. माझ्या जागेवरून मला तिचा चेहरा दिसत होता. तिला सगळे कळले, ते मला कळले.

ती सरळ माझ्याकडे आली. मला उचलून तिने मुठीवरचा तो डाग पदराने पुसला. माझा जीव भांड्यात पडला. एवढ्यात तिचा फोन वाजला. शर्मिष्ठा होती, बियांचे विचारत होती. गौरजाने वळून ओटीकडे पाहिले. तिथे जयराम नारळ सोलत होता, आणि त्याचे हात मध्येच थांबले होते.

एका हातात मला धरून गौरजा फोनवर म्हणाली, "बी ऱ्हवला नाय गो. आपली ती झारी गंजलेली होती."

मग तिने मला हळूच खाली ठेवले, पहिल्यासारखेच आडवे, आणि आत गेली. आता अंगणात हिरवी प्लॅस्टिकची झारी आली आहे. जयराम तिला रोज धुतो.

मित्रांनो, निळी साल्व्हिया जरूर लावा. तिला ऊन द्या, मोकळी माती द्या, खत अगदी बेताने द्या. माडाचे जेवण माडालाच घाला. आणि एखादे रोप तुमच्या हातून गेलेच, तर आपल्या तोंडाने तसे सांगा. रोप पुन्हा लावता येते. मी मात्र इथे पडून आहे, आणि फोंडाघाटात जिच्या पायांवर मी तिच्या लहानपणी पाणी सांडले, ती शर्मिष्ठाही आता मलाच दोष देत असेल.