दाखवायचे पैसे

मी एक पर्स बोलतेय. पोट रिकामं असल्यामुळे आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझं माहेर म्हणजे एक सोफा. आई शिवणकाम करते. एका गिऱ्हाइकाने सोफ्याच्या कव्हरांसाठी जाड, तपकिरी, मोठ्या फुलांचं कापड आणून दिलं होतं. कव्हरं झाली, तुकडा उरला, आणि त्या तुकड्यातून मी झाले. खांद्याला अडकवायला एक बंद, आणि पोटात दोन कप्पे. बाहेरचा कप्पा घरखर्चाचा. आतला, चेनचा, आईच्या शिवणाचा. त्यात पुरेसं साठलं की आई कोपऱ्यावरच्या बँकेत जायची आणि स्वतःच्या खात्यात भरून यायची. कधी थोडे, कधी त्याहून थोडे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मोजत नव्हतं. बाबांच्या भाषेत ते 'सुईदोऱ्याचे पैसे'. त्या सुईदोऱ्याने पडदे आणि गणवेश शिवून अर्ध्या गल्लीची अब्रू झाकली होती, ही गोष्ट वेगळी.

माझे दिवस सुखात चालले होते. सकाळी भाजी, दुपारी बटणं, संध्याकाळी दाराच्या खुंटीला लटकून घरातलं बोलणं ऐकायचं. मग एके दिवशी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे आईची थोरली लेक. लग्न होऊन परदेशात गेलेली. तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी तिला आता पडून राहायला सांगितलं होतं. जावयाची नोकरी पाळ्यांची, तो घरी कमीच. ताई स्वभावाने अशी की 'ये' म्हणणार नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, तुझा पासपोर्ट अजून चालू आहे ना गं?"

आईने फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर मला उघडून आत पाहिलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

धाकटी लेक घरातच असते. कॉलेज झालेली, तोंडाने फटकळ, माझी लाडकी. ती म्हणाली की व्हिसाचा अर्ज वेबसाइटवर आहे, काय लागतं ते तिथेच लिहिलंय, फीसुद्धा लिहिलीय, मी उद्या बसून भरते. सरळ काम होतं. सरळ कामं आमच्या घरात वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय होत नाहीत, तिथेच घोडं पेंड खातं.

बाबांनी काकांना बोलावलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना एकदा कंपनीने परदेशी पाठवलं होतं. व्हिसा कंपनीनेच काढला होता, काका फक्त विमानात झोपले आणि तिकडे हॉटेलात झोपले. पण तेव्हापासून ते व्हिसाबद्दल असे बोलतात, जणू शिक्का त्यांच्याच खिशात असतो. धाकटीचं ऐकून ते हसले. "बाळा, एवढं सोपं असतं तर सगळं जग तिकडेच राहायला गेलं असतं."

मग माझा उपास सुरू झाला.

आधी एजंट. त्याने अर्ज बघण्याचे पैसे घेतले. मग फोटो. पहिल्या फोटोत आईचे कान केसांखाली होते, म्हणून दुसरा. दुसऱ्यात ती किंचित हसली होती, म्हणून तिसरा. तिसऱ्यात ती अशी दिसली की मला तिच्यापासून पळून जावंसं वाटलं. तो पास झाला. मग लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर. भाषांतरकाराचा दर शब्दामागे, आणि आमच्या दाखल्यावर नोंदणी अधिकाऱ्याच्या सगळ्या पदव्या छापलेल्या. त्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या आईबापांनी केला असेल, भाषांतराचा मी केला. मग त्या भाषांतरावर शिक्का. मग विमा. मग मेसेज सेवा, म्हणजे अर्ज कुठे पोहोचला ते सांगणारा संदेश. फोन आईचा, वाट आईने बघायची, पैसे त्यांना.

फी राहिलीच का? नाही, तीही भरली. पण तिच्या आधीच नमनाला घडाभर तेल गेलं होतं.

माझ्या शेजारी खुंटीवर एक पारदर्शक फाईल येऊन लटकली. मी वाळत गेले तशी ती फुगत गेली. एकाच घरात दोन बायका, एक उपाशी आणि एक गरोदर, असं आमचं चित्र होतं.

खरी मेख पुढे होती. खात्यात पैसे दिसले पाहिजेत, असं एजंट म्हणाला. काकांनी छाती पुढे केली आणि आपल्या मुदतठेवीतले पैसे आईच्या खात्यात टाकले. नुसते दाखवायला. व्हिसा झाला की परत. त्या दिवसापासून काकांचा रोज फोन. बाबांची तब्येत नाही, ताईची नाही, पहिला प्रश्न एकच. "वहिनी, माझे पैसे कसे आहेत?" दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाची चौकशी करावी तसा आवाज. आई म्हणायची, "बरे आहेत भाऊजी, आराम करतायत."

अर्जात एक रकाना होता, व्यवसाय. एजंटने तिथे 'गृहिणी' लिहिलं. धाकटी तडकली. म्हणाली, आई शिवते, तेच लिहा. बाबा म्हणाले, "घरातल्या घरात करते तो काय व्यवसाय? त्यावर उगाच शंभर प्रश्न विचारतील."

"बाबा, तुमच्या अंगातला शर्ट कुणी शिवलाय?"

बाबांनी शर्टाकडे पाहिलं. चांगला बसला होता.

"असू दे गं," आई म्हणाली. "काय लिहायचं ते लिहा, पण लवकर लिहा. तिचे दिवस भरत चाललेत."

अर्ज द्यायला व्हिसा केंद्रात जायचं होतं. काकांनी आग्रहाने खास दालनाचे जादा पैसे भरायला लावले. तिथे बसलं की काम लवकर होतं, अशी त्यांची समजूत. दारावरच्या रखवालदाराने मला अडवलं. आत पर्स न्यायची नाही. समोरच्या टपरीत सामान ठेवायची सोय होती, त्याचेही पैसे. म्हणजे मला बाहेर ठेवण्याचा खर्च माझ्याच पोटातून. एवढा अपमान जन्मात झाला नव्हता. मी एका हेल्मेटच्या शेजारी बसून राहिले आणि आत काय घडलं ते मला घरी आल्यावर कळलं.

आईने हसत हसत सांगितलं. खास दालनात मऊ सोफा होता, बिस्किटं होती, पण अर्ज घेणारी मुलगी सगळ्यांना एकच. यंत्र आईच्या बोटांचे ठसे घेईना. पुसून झालं, दाबून झालं. शेवटी त्या मुलीने आईच्या बोटाचं टोक बघितलं, सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं, आणि विचारलं, "शिवणकाम करता का?" काकांनी आईला पढवून पाठवलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं आणि अर्जात आहे तेच बोलायचं. म्हणून आई म्हणाली, "नाही."

सगळे हसले. धाकटी नाही हसली. "तू नाही म्हणालीस?" एवढंच ती बोलली, आणि उठून गेली.

मग वाट पाहणं. मेसेज सेवेने एकदाच मेसेज केला, की अर्ज मिळाला. तो आम्हीच दिला होता, त्यामुळे ती बातमी आम्हाला आधीच होती.

पासपोर्ट परत आला तो कोऱ्या पानांसह. सोबत एक कागद. धाकटीने मोठ्याने वाचला. अर्जदाराला स्वतःचं उत्पन्न नाही आणि खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली हे स्पष्ट होत नाही, म्हणून व्हिसा नाकारला. फी परत मिळणार नाही. खास दालनाचे, मेसेजचे, एजंटचे, कशाचेच नाही.

काका म्हणाले की हल्ली तिकडचे लोक फार संशयी झालेत. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आई मशीनवर जाऊन बसली आणि एका झग्याची बाही उलटी लावली. उसवली, आणि परत उलटीच लावली. मी जन्मापासून तिच्याजवळ आहे, तिचा हात चुकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मला खुंटीवरून काढलं आणि बाबा-काकांच्या मधोमध टेबलावर ठेवलं. म्हणाली, आता अर्ज मी भरणार. काकांचे पैसे काकांना परत. एजंट नको, खास दालन नको, मेसेज नको. आणि कुणी मध्ये बोलायचं नाही.

काकांनी बोलायला सुरुवात केली. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांनी या सगळ्या प्रकरणात केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम.

धाकटीने कोपऱ्यावरच्या बँकेतून आईच्या खात्याचा जुना उतारा आणला. पानंच्या पानं. कधी थोडे, कधी त्याहून थोडे, पण वर्षानुवर्षं सलग. माझ्या आतल्या कप्प्यातून गेलेली नोट न् नोट तिथे हजर होती. मला गहिवरून आलं. बाबा चष्मा लावून एकेक पान उलटत होते. शेवटच्या पानावर पोचल्यावर ते पुन्हा पहिल्यावर गेले. बाकीची जमवाजमव ताईने केली. तिने आणि जावयाने पत्र पाठवलं, की आई आमच्याकडे राहील, जेवण-औषधाचं आम्ही बघू.

आई मात्र घाबरलेली. "एवढ्याशा पैशांना कोण विचारतंय?"

"आई, ते तुझे आहेत," धाकटी म्हणाली. "कुठून आले विचारलं तर तुला सांगता येतं. एवढंच हवं असतं त्यांना."

फी मात्र पुन्हा भरावी लागली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, आम्ही मसाला वगळला तरी कोंबडी दुसऱ्यांदा विकत घेतली. माझा आतला कप्पा साफ झाला. तळाशी एक बटण उरलं, तेही तुटकं.

केंद्राच्या समोरच्या टपरीत मी पुन्हा बसले. या वेळी शेजारी छत्री होती, जरा बोलकी. आत खिडकीशी तीच मुलगी होती, यंत्र तेच, बोटंही तीच. तिने पुन्हा विचारलं, शिवणकाम करता का. आई म्हणाली, "हो. आणि तुमच्या बाहीची शिवण काखेत उसवलीय. आज तिथे टाका घाला, नाहीतर उद्या कापडच फाटेल." मुलीने दंड अंगाशी घट्ट धरला आणि उरलेले ठसे एका हाताने घेतले. आईबरोबर आत गेलेल्या धाकटीने ही गोष्ट घरी तिखटमीठ लावून सांगितली, पण मूळ माल खरा होता.

व्हिसा आला. पासपोर्टच्या पानावर चिकटलेला, तिसऱ्या फोटोसकट. आईने तो बघितला आणि म्हणाली की या बाईला मी तरी घरात घेतलं नसतं.

पण सगळ्या घोळात दिवस गेले होते आणि विमानाचं तिकीट चढून बसलं होतं. आईने खात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? तुटकं बटण पुढे केलं.

त्या संध्याकाळी काका आले. आल्याआल्या सल्ला दिला नाही, म्हणून घरातले सगळे जरा दचकलेच. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, चेन उघडली आणि एक जाड पाकीट आत सरकवलं. तेच मुदतठेवीचे पैसे. मी आतल्या आत मोजले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे दाखवायचे नाहीत. हे खर्चायचे."

धाकटीने तोंड उघडलं, आणि मिटलं. हे दृश्य मी आतल्या कप्प्यात जपून ठेवलंय. मग तिने उठून काकांना पंख्याखालची खुर्ची दिली.

विमानतळावर एका यंत्राने माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि दोरा कापायची छोटी कात्री काढून घेतली. तिकडे उतरल्यावर काचेमागच्या माणसाने जवळ पैसे किती, म्हणून विचारलं. आईने मला पूर्ण उघडून त्याच्यासमोर धरलं. थोड्या नोटा, मोजपट्टी आणि बाळाची दोन टोपडी. त्याने टोपड्यांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

ताईने दार उघडलं ते एका हाताने पोट धरून. "आलीस," एवढंच म्हणाली. मग दोघी दारातच इतका वेळ उभ्या राहिल्या की मी मध्ये चेपून गेले. बाळ त्यानंतर आलं. तेवढं ते आजीसाठी थांबलं होतं, असं आपलं माझं मत.

आता मी इथे पाळण्याच्या दांडीला टांगलेली असते. आतल्या कप्प्यात बाळाचे मोजे आणि बाहेरच्यात इथली काही नाणी आहेत, त्यांची भाषा मला अजून येत नाही. माझा बंद बाळाने चघळून मऊ केलाय. पोट तसं रिकामंच आहे, पण आता ते गुडगुडत नाही.

तुम्हालाही कधी असं लांब जायचं असेल, तर एक सांगते. पर्स लागेल, फी लागेल, त्याला इलाज नाही. पण घरातला शहाणा माणूस अर्जात तुमच्याबद्दल काय लिहितोय, ते सही करण्याआधी वाचा. माझं काय, मी कापडाची, मी पुन्हा भरेन.

काकांचा फोन अजून रोज येतो, आणि पहिला प्रश्न अजून तोच. "वहिनी, माझे पैसे कसे आहेत?"

काल बाळ नुकतंच उठून टाहो फोडत होतं. आईने फोन पाळण्याजवळ धरला.

"ऐका भाऊजी," ती म्हणाली. "भूक लागलीय त्यांना."

घ्या, बाळ पुन्हा उठलंच. चेन लावते मी, नाहीतर चघळून मोजेही ओले करेल.