टॉवरमामा

"अरे, बस ना! चहा निवतोय," ताई म्हणाली, पण तो तिचा फोन उंच धरून स्वयंपाकघरभर फिरत होता. रेंजची एक दांडी दिसेल तर शपथ. ओट्यापाशी नाही, दारात नाही, खिडकीशीही नाही. आणि त्याच खिडकीतून समोरचा टॉवर लख्ख दिसत होता.

"ताई, इथे रेंजच नाहीये."

"असते रे, कधी कधी जाते. माझाच फोन जुना झालाय."

फोन त्यानेच गेल्या वर्षी तिला घेऊन दिला होता.

मोबाइलच्या टॉवरवर अँटेना चढवायच्या, खालच्या कपाटातली यंत्रं जोडून चालू करायची, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. समोरच्या टॉवरचं कामही त्याचंच. ताईने ते वस्तीभर इतक्यांदा सांगितलं होतं, की इथली पोरं त्याला टॉवरमामा म्हणत. खोटं कशाला बोला, त्यालाही ते आवडायचं. आज टॉवरच्या बॅटऱ्या तपासायला आला होता, म्हणून बहिणीकडे डोकावला.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"काकू, हे काय हो?"

ताईने काकूंना डोळ्यांनी दटावलं. काकू कसल्या ऐकतात! "पडले पाण्याच्या टाकीवरून. लेकीला फोन लावायला चढले होते. तिथे जरा बरं ऐकू येतं. आमचे फोनच भिकार, बाबा! आधी मी म्हणत होते टॉवरच धड नाही, तर ही तुझी बहीण भांडायलाच उठली. कित्ती दिवस बोलली नाही माझ्याशी."

त्याला या टॉवरवर अँटेना बसवल्या तो दिवस आठवला. अँटेनाची दिशा होकायंत्रावर बघायची तर खाली उतरून, लोखंडापासून लांब मोकळ्यावर उभं राहायचं, नाहीतर काटा भलतीकडे ओढला जातो. नव्या माणसांना तो हे दरडावून सांगायचा. पण त्या दिवशी वारा सुटला होता, दोन अँटेना झाल्या होत्या, तिसरीसाठी पुन्हा कोण खालीवर करणार? त्याने वरच, खांबाला टेकून काटा पाहिला. आकडा हवा तो आला. फोटो काढला, साहेबांनी पास केला, विषय संपला.

तो खिडकीशी गेला. तिसरी अँटेना वस्तीकडे बघतच नव्हती. पलीकडच्या उघड्याबोडक्या डोंगराला मात्र ती इमानेइतबारे रेंज पुरवत होती.

चहा तसाच टाकून तो टॉवरवर गेला. तिथे बाकीच्या दोन अँटेनांची रेंज होती; कमरेला पट्टा बांधता बांधता त्याने ऑफिसला फोन लावला. "तिसरी अँटेना बंद करा. तिची दिशा चुकलीय."

"बसवली कुणी होती?"

"मीच."

या वेळी तो दोनदा खाली उतरला, मोकळ्यावर लांब जाऊन उभा राहिला आणि काटा स्थिर होईपर्यंत हलला नाही.

परत आला तेव्हा काकू ताईच्याच ओट्याला टेकून लेकीशी बोलत होत्या. त्यांनी फोन ठेवल्याबरोबर ताई म्हणाली, "बघितलंत? म्हटलं नव्हतं, माझा भाऊ आला की बघेल?"

गप्प बसला असता तर चाललं असतं. पण ते प्लास्टर समोरच होतं.

"काकू, तुमचा फोन चांगला होता. अँटेना मीच चुकीची बसवली होती. आळस केला."

काकूंनी आधी हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ताई कपबशा उचलत राहिली. "मी तोंड वर करून सांगत फिरले रे, वर्षभर," ती हळूच म्हणाली. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंतही आली नाही.

वळणावर त्याचा फोन वाजला. त्याने गाडी बाजूला घेतली.

"ताई? कुठून बोलतेस?"

"ओट्यापाशी उभी आहे. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"काकूंचा स्वयंपाक करायला घेतलाय. एका हाताने काय करणार त्या."

"हं."

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे ताईने नळ सोडला. भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाजसुद्धा त्याला स्वच्छ ऐकू येत होता.