रुखवतातल्या काड्या

साखरपुड्यातच गौतमीनं सांगून टाकलं होतं, की तिच्या रुखवतात लोकरीचं तोरण नसेल, मण्यांचा मोर नसेल आणि काचेच्या पेटीतली बाहुलीही नसेल. सात गुलाब असतील. डब्यांत लावलेले, तिनं स्वतः कलम बांधलेले, फुलांवर आलेले. दौंडहून आलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. होणारी सासू कस्तुराबाई तेवढी बोलली.

"बघू की. सात म्हणलीस, आं?"

"सात," गौतमी म्हणाली.

वडगाव रासाईत तिला ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटलं नाही. शिरूरच्या कॉलेजात जात असताना एसटी चुकली, की ही मुलगी स्टँडजवळच्या रोपवाटिकेत जाऊन उभी राहायची. गावठी गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी ताणून बांधायची, हे तिनं तिथं बघितलं आणि घरी येऊन करून पाहिलं. पहिल्या हिवाळ्यात सगळे डोळे काळे पडले. दुसऱ्या हिवाळ्यात बहुतेक जगले. मग किराणा दुकानातून तेलाचे मोठे रिकामे डबे आले, बुडाला खिळ्यानं भोकं पडली आणि घरामागं मोरीच्या कडेनं रांग लागली. आई, मालनबाई, आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या पोरीनं डब्यांचं दुकान काढलंय. गिऱ्हाईक तेवढं यायचं ऱ्हायलंय."

लग्न मार्चातल्या पहिल्या रविवारी ठरलं. बौद्ध विधीनं लागायचं, तेव्हा मुहूर्त काढायचा प्रश्न नव्हता. नवरा मुलगा सम्राट रेल्वेत नोकरीला, पाहुणे निम्मे नोकरदार; सगळ्यांना सुट्टी हवी म्हणून रविवार. गौतमीला तर तारीख आधी कळणं हेच पुष्कळ होतं. छाटल्यापासून फुलायला दीड महिना, असं धरून तिनं जानेवारीत कात्री चालवली.

"फुलांना रविवार कसा कळायचा गं?" मालनबाईनं विचारलं.

"मी सांगितलाय त्यांना."

फेब्रुवारी सरत आला तेव्हा साती डब्यांत कळ्या धरल्या होत्या. दोन लाल, दोन गुलाबी, एक पिवळा, एक केशरी आणि एक पांढरा. पांढरा सगळ्यांत टपोरा. गौतमी रोज सकाळी एकेक पान उलटून मावा कीड बघायची आणि सापडली की बोटानंच चिरडायची. गोष्ट तिच्या हातात होती, आणि तिला ते माहीत होतं.

मग एक दिवस मायलेकी लग्नाची पांढरी साडी घ्यायला शिरूरला गेल्या आणि घरी बबनराव एकटे राहिले.

बबनराव तिचे वडील. पाटसला साखर कारखान्यात हंगामी कामगार. हंगाम जोरात होता, त्यातून त्यांनी लग्नासाठी रजा काढली होती. लेकीसाठी आपण काहीतरी करावं हे त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण साडी आईनं घ्यायची, मांडव भावकीनं घालायचा, आणि बापाच्या वाट्याला नुसत्या पत्रिका वाटणं आलेलं. येताना त्यांनी कारखान्यावरून एक गोणी मळी आणली होती. उसाचा रस गाळल्यावर खाली राहणारा काळा, ओलसर चोथा. या भागात शेताला मळी घालतात ती ट्रॉलीनं. उन्हाळ्यात पसरायची, पावसात मुरवायची, आणि मग ऊस बघत राहायचा. मळीनं कुणाचं वाकडं झालं, असं बबनरावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक डब्याला घमेलंभर मळी घातली, हातानं दाबली, वर पाणी सोडलं आणि समाधानानं हात धुतले.

तिसऱ्या दिवशी पानं खाली झुकली. माती तर ओली होती. कडा तपकिरी पडल्या होत्या, कळ्यांनी माना टाकल्या होत्या. गौतमीनं डब्यात बोट खुपसलं आणि झटक्यात बाहेर काढलं. आत माती गरम होती. तिनं बोटाचा वास घेतला.

"आण्णा, मळी घातली?"

"व्हय. चांगली दाबून." बबनराव दारातूनच म्हणाले. "फुलं बघ आता, वाटीएवढी येतील. आपला ऊस बघतीस न्हवं?"

"उसाला शेत आसतंय, आण्णा. ह्यांना डबा हाय. ताजी मळी आतल्या आत तापली."

बबनराव डब्यापाशी आले. त्यांनीही बोट घातलं.

गौतमी मात्र रागवायला थांबली नाही. तिनं एकेक डबा आडवा केला, झाड मातीसकट ओढून काढलं, मुळं टबात धुतली, काळी पडलेली तेवढी छाटली. मळी लागलेली माती दूर टाकली आणि नदीकाठची साधी पोयटा माती भरून झाडं परत लावली. मग कात्री घेतली. मुळं निम्मी गेली, तर वरचा भार ती कशी पोसणार? कळ्या, पानं, कोवळे फुटवे, सगळं खाली आलं. डब्यात वीतभर काड्या उरल्या. त्या तिनं गोठ्याच्या सावलीत नेऊन ठेवल्या आणि भोवती ओलं गोणपाट लावलं.

मालनबाई कळ्यांच्या ढिगाशेजारी मटकन बसली.

"हळदीला चार दिस ऱ्हायले आन् तू असं करून ठिवलंस! आता मांडायचं काय?"

"हेच."

"ह्या काड्या? अगं, त्या दौंडच्या बाया नाकं मुरडतील. तेजश्रीला निरोप धाडते. तिचं रुखवत तसंच पेटीत पडलंय. मोर हाय, रुमाल हायेत, शंखाचा गणप... न्हाई, ते नगं. बाकीचं मांडू. कुणाला कळतंय?"

ती खोटं बोलत नव्हती. तेजश्रीसारख्या मामेबहिणीचं रुखवत आणून मांडायचं आणि लग्न झालं की परत द्यायचं, असं अर्ध्या गावात चालायचं.

"मला कळतंय की," गौतमी म्हणाली. "तिनं विणलेलं मी माझं म्हणून मांडू? झाडं जिती हायेत, आई. सहा तर हायेतच."

"आन् सातवं?"

गौतमीनं पांढऱ्या गुलाबाच्या काडीकडे पाहिलं आणि तिच्याभोवतीचं गोणपाट पुन्हा ओलं केलं.

रविवारी मांडवात त्रिशरण, पंचशील झालं, नवरानवरीनं हार घातले, अक्षतांऐवजी पाकळ्या उधळल्या गेल्या, आणि जेवणाआधी बायका रुखवत बघायला निघाल्या. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर सात डबे. डबे घासूनपुसून निळ्या रंगानं रंगवलेले. आत काड्या.

पहिली हसली ती नवऱ्याची चुलती, गिताबाई. "अगं बया! जळण धाडलंय व्हय सासरी? दौंडला गॅस आलाय म्हणावं!"

"पाणी तापवायला व्हईल की सम्राटला!" दुसरीनं पुढं ढकललं.

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. बबनराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, तिथून हलले नाहीत.

"हसू नका, नाव घ्यायला लावा तिला," कुणीतरी म्हणालं. गौतमी टेबलामागं येऊन उभी राहिली. पांढऱ्या साडीत, हळदीच्या हातांनी. आढेवेढे न घेता तिनं आवाज चढवला:

"काड्यांना हसता कशाला, थांबा की जरा,
सम्राटरावांच्या दारी बघा गुलाब खरा!"

टाळ्या पडल्या. गिताबाईनं पण वाजवल्या, पण जीभ आवरली नाही. "कवा बघायचा? कुणी जाळली गं ही झाडं?"

"खत जास्त झालं," गौतमी म्हणाली. खांबाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

कस्तुराबाई पुढं झाली, पहिल्या काडीची साल तिनं नखानं खरवडली. खाली हिरवं निघालं. दुसरी खरवडली, हिरवी. एकेक करत ती सातव्या डब्यापाशी आली. नख ओढलं. आत कोरडं, तपकिरी.

"हे मेलंय."

"व्हय, आत्या. ठाव हाय मला."

"मग मांडलंस कशाला?"

"सात म्हणले होते. सहा जगले, एक गेला. गेला तोबी दाखवायला नगं का?"

कस्तुराबाईनं तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मग मेलेली काडी उपटून तिनं टेबलाखाली टाकली.

"ह्यात मी मिरची लावीन," ती म्हणाली. "गिताबाई, हसून झालं आसंल तर एकेक डबा उचला. न्हाईतर जेवणाच्या गडबडीत कुणीतरी त्यात पत्रावळी टाकील."

परतीच्या ट्रॅक्सला कपाट टपावर बांधलं, भांडी टपावर बांधली. डबेही वर चढवायला सम्राटच्या मित्रांनी उचलले, तर कस्तुराबाईनं खालूनच ओरडून उतरवले. "वाऱ्यानं वाळतील! मधल्या शिटाखाली ठिवा. पाय वर घिऊन बसू आम्ही."

इंजिन सुरू झालं, गौतमी अजून गाडीच्या दाराशीच उभी होती, तेव्हा बबनराव घरामागून आले. खांद्यावर गोणी होती. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी ती गौतमीच्या पायाशी ठेवली.

"बांधावरची हाय," ते म्हणाले. "गेल्याच्या गेल्या हंगामातली. पार मुरलीया. पण तू बघून घे."

गौतमीनं गोणीचं तोंड सोडलं. मळी काळी, भुसभुशीत होती, चहापत्तीसारखी. बांगड्या वर सारून तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. आजूबाजूला रडणं चालू होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बबनराव तिच्या तोंडाकडे बघत होते.

"गार हाय, आण्णा," ती म्हणाली. "घ्या, चढवा आत."

"आन् तू हात धू," आतून कस्तुराबाई म्हणाली. "साडी पांढरी हाय."