साखरपेरणी

सर्जनसाहेब आणि भुलीच्या डॉक्टरीणबाई यांच्यात तीन वर्षं विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून, तर बाईंनी एका पेशंटचा खोकला ऐकून त्याचं ऑपरेशन ऐनवेळी रद्द करायला लावलं, तेही नातेवाइकांसमोर. चार माणसांत आपलं नाक कापलं, हे साहेबांनी मनात धरून ठेवलं. एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण रुसायला लागली की लहान मुलांच्या वरताण.

अबोला असला तरी काम एकाच टेबलावर. पेशंटच्या डोक्याशी बाई, पोटाशी साहेब आणि मध्ये ताणलेला हिरवा पडदा. बाईंचा आवाज कानावर पडू नये म्हणून साहेबांनी ऑपरेशन करताना मोठ्यानं गाणी लावायला सुरुवात केली होती. मग एकमेकांना काही सांगायचं कसं? तर काकूंमार्फत.

काकू म्हणजे थिएटरच्या जुन्या सिस्टर. बाकीचे त्यांना पाठीमागे 'टपाल' म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि फारसं लागतही नव्हतं. माहेरी वडील आणि चुलते एका घरात राहून बोलत नसत, त्यामुळे इकडचं तिकडे पोचवण्यात त्यांचा हात लहानपणापासून बसलेला. लोक निरोपाला तिखटमीठ लावतात, काकू ते झटकून टाकत. बाई म्हणायच्या, "त्या शहाण्याला सांगा, घोडं दामटू नको." काकू पडद्यापलीकडे जाऊन सांगायच्या, "सर, मॅडमना अजून थोडा वेळ मिळाला तर बरं होईल." आपण आहोत म्हणून हे थिएटर चाललंय, असं त्यांना वाटे. अगदीच खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी टेबलावर एक शिंपीणबाई होती. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून काढायचे, रोजचंच काम. भूल चढायच्या आधी तिनं काकूंची बाही चिमटीत धरली आणि म्हणाली, "ही शिलाई कुणी घातली हो? हात मोडला होता का त्याचा?" काकू हसल्या. बाहेर बाकावर तिची थोरली बहीण पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

साहेब सकाळपासूनच घुश्शात होते. एक चिमटा मनासारखा मिळाला नाही म्हणून त्यांनी तो ट्रेमध्ये आपटला होता. काकू त्यांच्या आसपास पावलं न वाजवता फिरत होत्या.

थोड्या वेळानं बाईंनी बोटानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं. मास्कआडून त्या हलक्या, पण घट्ट आवाजात म्हणाल्या, "प्रेशर पडतंय. नाडी पळतेय. आत कुठेतरी रक्त जातंय. हात थांबवा आणि शोधा म्हणावं. आत्ता."

काकू पडद्यापलीकडे गेल्या. साहेबांच्या कपाळावरची आठी पाहिली आणि जीभ आपोआप वळली. "सर, मॅडम विचारतायत, सगळं ठीक आहे ना? प्रेशर जरा कमी वाटतंय."

'जरा' हा शब्द काकूंचा. 'रक्त' हा शब्द पडद्याच्या त्या बाजूलाच राहिला.

साहेबांनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "मला तर कोरडं ठणठणीत दिसतंय. त्यांना म्हणावं, भूल जास्त झाली असेल. स्वतःचं बघा, दुसऱ्याच्या पोटात डोकावू नका."

काकू परतल्या. "मॅडम, सरांनी आत बघितलं. सगळं कोरडं आहे."

साहेबांनी काही शोधलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर होतं तेवढंच पाहिलं होतं. पण बाईंचा विश्वास बसला. एखादं औषध बाधलं असेल असं धरून त्यांनी सलाईन जोरात सोडलं, एक इंजेक्शन दिलं. आकडा थोडा चढला आणि मग पहिल्यापेक्षा खाली आला. पडद्याअलीकडे शिंपीणबाईचे ओठ कागदासारखे पांढरे पडत होते.

"परत जा," बाई म्हणाल्या. "मला हे पटत नाहीये. पुन्हा बघा म्हणावं."

पुन्हा विचारलं तर साहेब भडकणार, भडकले की त्यांचा हात चुकणार, म्हणजे नुकसान शेवटी पेशंटचंच. गाणं चालू होतं. एवढं कडवं होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि पडद्याच्या काठाशी हात बांधून उभ्या राहिल्या. कडवं लांबलचक होतं. ते संपायच्या आत मॉनिटर ओरडायला लागला.

मग बाईंनी स्वतःच्या हातानं पडदा खाली ओढला. "पोट उघडा," त्या म्हणाल्या. तीन वर्षांतले त्यांचे साहेबांशी पहिले शब्द.

पोट उघडलं. सुरुवातीला दुर्बीण आत घालतानाच मागची मोठी शीर दुखावली होती आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी रक्त साठत गेलं होतं. सगळ्यांनी जिवाचं रान केलं. शिंपीणबाई वाचली नाही.

हात धुवायच्या नळापाशी दोघं शेजारी शेजारी उभे होते. आता बोलणं कसं अगदी सुरळीत चाललं होतं.

"सिस्टरनी मला रक्ताचं सांगितलंच नाही."

"आणि मला म्हणाल्या, तुम्ही बघितलंत म्हणून."

"म्हणजे घोळ निरोपातच झाला."

"निरोपातच," बाई म्हणाल्या.

काकू मागेच उभ्या होत्या. कुणी खोटं बोलतंय असंही म्हणता येईना. साहेब वळले आणि नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले, "काकू, आधी तुम्ही बाहेर जा. तिच्या बहिणीच्या मनाची जरा तयारी करा. तुम्हाला छान जमतं ते. आम्ही येतोच मागून."

काकूंनी दार ढकललं. बहीण पिशवी सावरत उठली. "झालं का? शुद्धीवर आली?"

सवयीनं काकूंच्या तोंडात आलंच होतं की बसा, जरा पाणी घ्या. ते त्यांनी गिळलं.

"ती गेली," त्या म्हणाल्या. "आत रक्त जात होतं. भुलीच्या डॉक्टरांना कळलं होतं. ऑपरेशन करणाऱ्यांना सांगायला त्यांनी मला पाठवलं. मी तसं सांगितलं नाही."

बहिणीनं पिशवी बाकावर ठेवली. रडायचं तिला अजून सुचलं नव्हतं. "ते दोघं एकाच खोलीत होते ना?"

"हो."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

दारामागे पावलं वाजली. काकूंनी वळून पाहिलं नाही.

"त्यांना राग येईल म्हणून."