कार्ड नसलेला कॅमेरा

मी एक जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे, मित्रांनो. हल्ली माझा मुक्काम फोटोच्या दुकानात, गल्ल्याखालच्या खोक्यात असतो. माझ्या अंगावर चार्जरच्या वायरी पडलेल्या असतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या एप्रनच्या खिशात, खडू आणि टेप यांच्या शेजारी. मी त्यांना मनातल्या मनात आईच म्हणायचो. फ्रॉक, कोट, शाळेचे गणवेश असं काहीही शिवून झालं की त्या ते खिडकीतल्या हँगरवर लावायच्या आणि माझ्याकडून फोटो काढून घ्यायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "फोटो छान येतात हो तुमचे!" मी हुरळून जायचो. शिलाईचं कौतुक त्यांचं, पण त्यात थोडा वाटा मीही लाटायचो.

त्यांची लेक छकुली. डोकं दाराच्या चौकटीला लागायला आलं, तरी घरात नाव तेच. तिला फोटोग्राफर व्हायचं होतं. एक दिवस आम्ही सगळे याच दुकानात आलो. दुकानदारांनी गल्ल्यावर दोन कॅमेरे ठेवले. एक माझ्यासारखाच, पण नवा आणि चुणचुणीत. दुसरा डीएसएलआर, भला थोरला, पुढे लांबलचक लेन्स.

"हा घे," आई छोट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तो मोठा गळ्यात अडकवलास तर मान मोडेल तुझी."

"आई, पळणारं पोर आपल्या कॅमेऱ्यात पुसट येतं गं. मी बटण दाबते तोवर ते निघून गेलेलं असतं."

हे ऐकून मी हिरमुसलो. पण खोटं काय होतं त्यात? मला जरा वेळ लागतोच.

दुकानदार म्हणाले, "काय काढायचंय त्यावर ठरवा. लग्नं, खेळ असली कामं करायची तर मोठाच घ्या. घरातले फोटो काढायचे तर छोटा. छोटा सोबत राहतो."

छकुलीने मोठा घेतला. घरी आल्यावर माझं मेमरी कार्ड काढून तिने त्याच्यात घातलं. मला नवं कार्ड नंतर आणू, असं ठरलं. ते राहूनच गेलं आणि माझी रवानगी कपाटात झाली.

छकुलीला भराभर कामं मिळू लागली. आईंची मात्र त्या मोठ्या लेन्सशी कधी गट्टी जमली नाही. तो कॅमेरा रोखला की त्या केस सारखे करायच्या, पदवीदान समारंभाला बसावं तशा ताठ बसायच्या आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकायच्या. मी कपाटाच्या फटीतून बघत असायचो.

मग आई आजारी पडल्या. शिलाई मशीनवर कापड टाकलं गेलं. छकुली मोठा कॅमेरा घेऊन बाहेरगावी कामाला गेली होती, तेव्हा एका दुपारी आईंना जरा बरं वाटलं. त्या उठून खिडकीशी बसल्या. छकुलीच्या बाबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढलं. माझ्यात थोडी धुगधुगी शिल्लक होती.

"इकडे बघ गं."

"अहो, उलटा धरलाय तुम्ही!"

आणि आई हसल्या. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाबांनी मला सरळ धरलं आणि ते बटण दाबत राहिले. मित्रांनो, कार्ड नसलं तरी माझ्या पोटात थोडी जागा आहे. चार-पाच फोटो तिथे मावतात. मी सगळे जपून ठेवले. पडद्यावर तशी खूणही उमटवली, पण बाबांचा चष्मा कपाळावर होता. तेवढ्यात माझी बॅटरी संपली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेल्या.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. छकुलीकडे होते ते सगळे ताठ बसलेले. बाबा लगबगीने मला घेऊन आले. "यात आहेत. हसरे आहेत. मी काढलेत."

छकुलीने माझं झाकण उघडून पाहिलं. "बाबा, यात कार्डच नाहीये. कार्ड माझ्याकडे होतं."

"म्हणजे काहीच आलं नाही?"

"नाही ना, बाबा."

"पण आवाज आला होता गं," बाबा म्हणाले आणि खाली बसले. छकुली रडू लागली. आपण छोटाच कॅमेरा घ्यायला हवा होता, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पोरी, तुझी निवड चुकली नव्हती. मला फक्त एकदा चार्ज कर, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण बंद पडलेल्याला वाचा कुठली? मला बघणं त्या दोघांना सोसवेना, म्हणून बाबांनी मला इथे आणून दिलं.

परवा ते पुन्हा दुकानात आले. तोच ताठ बसलेला फोटो मोठा करून घ्यायला. माझं खोकं त्यांच्या गुडघ्यापासून हातभरही लांब नव्हतं.

"आणि जरा…" बाबा अडखळले. "हिला थोडं हसरं करता येईल का हो?"

"काका, फोटोत जे नाहीच ते मी कुठून आणू?" दुकानदार हळू आवाजात म्हणाले.

बाबांनी मान डोलावली आणि गुंडाळलेला फोटो छातीशी धरून ते निघून गेले. मी इथेच होतो.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. छोटं घ्या, मोठं घ्या, तुमच्या कामाला येईल ते घ्या. पण जुनं देऊन टाकण्याआधी त्याला एकदा चार्जिंगला लावा आणि आत काय आहे ते नीट बघा. आणि कधी या दुकानात आलात, तर तेवढं गल्ल्याखालचं खोकं उघडायला सांगा. बाबांना हसणाऱ्या आई अजून दिसू शकतील.