बुडाखालची तीन बोटं

विल्मा स्ट्राउडचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, त्रास होईल तो लिहिण्याचा. लिहिणं सोपं निघालं. त्रास हा होता, की विल्मा हाताला लागतच नव्हती.

म्हणजे भांडी ढिगानं. आमच्या कॅरोलिनाच्या टेकड्यांत कुठल्याही घरात शिरा, तिचा एखादा मग निघतोच. कुणी त्यात कॉफी पितं, कुणी घासणी उभी करून ठेवतं. पण या बाईनं जन्मात एका भांड्यावर शिक्का मारला नाही. भट्टी सामाईक होती. बाकीचे कुंभार ओल्या मातीत आपापला शिक्का उठवायचे, आणि भट्टी उघडली की ज्यावर काहीच नाही ते विल्माचं. तेव्हा तेवढं पुरत होतं. आता ती मेली, आणि बिनशिक्क्याचं भांडं कुणाचंच राहिलं नाही.

शिक्केवाला मात्र होता. गॉर्डन ॲशबी. विल्माकडे शिकायला आला, पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला. लाकडाच्या राखेची, भांड्यावर काचेसारखी चढणारी ती ओघळती हिरवी झिलई विल्माची. आज तिला जग 'ॲशबी हिरवा' म्हणतं. राज्याच्या राजधानीतल्या संग्रहालयात आमच्या मातीकामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि हिरव्या झिलईपुढे नाव लागणार होतं एकट्या ॲशबीचं. मला तिथं विल्माचं नाव हवं होतं. बाकी काही नको.

"पुरावा आणा," तिथला क्युरेटर प्रेस्कॉट हेली म्हणाला. माणूस इतका इस्त्रीचा, की बसताना मोडेल असं वाटायचं.

"आमच्या गावात कुणालाही विचारा."

"गाव म्हणजे पुरावा नव्हे, मॅडम."

वर त्यानं मला शिकवायला म्हणून तळघरात नेलं. हातमोजे घातले, ॲशबीची सगळ्यात नावाजलेली बरणी उचलली आणि कौतुकानं उलटी केली. "हा बघा शिक्का. याला म्हणतात पुरावा."

मी शिक्का बघितलाच नाही. त्याच्या शेजारी झिलई न लागलेले तीन कोरे ठसे होते. भांडं बुडाला धरून झिलईच्या पिंपात उलटं बुडवतात, तेव्हा बोटांखालची जागा कोरी राहते. दोन ठसे लांब होते. मधला आखूड, बोथट. विल्माचं मधलं बोट तरुणपणीच माती मळायच्या यंत्रात अर्धं गेलं होतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"हे बोट विल्माचं आहे," मी म्हणाले.

"बरणी ॲशबींची आहे."

"घडवली असेल त्यानं. झिलई कुणी चढवली? बरणीपुढच्या कार्डावर काय छापताय? 'झिलई स्वतः शोधली, स्वहस्ते चढवली.' स्वहस्ते! त्याची दहाही बोटं धड आहेत!"

तो खोकला. "फार तर असं लिहू... 'साहाय्य: विल्मा स्ट्राउड'."

"साहाय्य? शिकायला तो आला होता तिच्याकडे! नको तुमची भीक."

दार आपटून निघाले ती थेट मिस अर्लीनच्या स्वयंपाकघरात. या बाईनं विल्माच्या बरोबरीनं उभा जन्म ती भट्टी पेटवली. तिनं माझ्यापुढे आमच्याकडची पावासारखी गरम बिस्किटं आणि रस्सा सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू नाही म्हणून आलीस?"

"तोंडावर!"

"शाब्बास. विल्माला संग्रहालयाची भिंत मिळत होती, ती घालवून तू फुरफुरत घरी आलीस. भिंत काय तुझ्या बापाची होती, पोरी?"

मी हातातलं बिस्किट ताटलीत ठेवलं.

"फोन कर त्याला. म्हणावं, लिही तुझं साहाय्य. पण बरणी आडवी ठेव, बूड लोकांकडे करून. पुढचं ज्याचं तो बघेल."

केला फोन. दात आवळून. प्रेस्कॉट म्हणाला, "कल्पना छान आहे, तसंच करू." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उद्घाटनाला मी आणि मिस अर्लीन गेलो तर बरणी पांढऱ्या चौथऱ्यावर ताठ उभी! वर दिवा सोडलेला. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'साहाय्य'.

"आडवी ठेवायचं ठरलं होतं," मी प्रेस्कॉटला गाठलं.

"पडल्यासारखी दिसत होती, मॅडम. लोकांचा गैरसमज झाला असता."

"आणि आता काय होतोय?"

आमच्याकडचे कुंभार झाडून आले होते. कुंभाराला भांडं पोटाकडून बघताच येत नाही. हातात आलं की आधी उलटं करणार, बूड बघणार, मग बोलणार. इथं हात लावायची बंदी. त्यामुळे सगळे चौथऱ्याभोवती माना वाकड्या करून, ढोपरं टेकून खाली डोकावत होते. गाडीखाली शिरलेलं मांजर शोधावं तसे.

"धर," मिस अर्लीननं आपली टेकायची काठी माझ्या हातात दिली. दोरी ओलांडली, दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि उलटी केली.

पहारेकरी किंचाळला.

"ओरडू नकोस रे, दचकले तर पडेल हातातून." तो जागीच थिजला.

कुंभारांचा घोळका झाला. "अरे, हे तर विल्माचं बोट!"

"मी म्हणतच होतो, हा हिरवा तिचा."

"म्हणत होतास? मग इतकी वर्षं तोंडात काय होतं, बिस्किट?" मिस अर्लीन म्हणाली.

प्रेस्कॉट धावत आला. "मॅडम, कृपा करून खाली ठेवा!"

"ठेवते की." तिनं ठेवली. तोंड खाली, बूड वर. "आता हात लावू नकोस हं, तुझ्यानं फुटेल." संध्याकाळपर्यंत त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बरणी सरळ झाली, वर काचेची पेटीही आली. कार्ड तेच आहे. मी तक्रारी केल्या, गोड गोड उत्तरं आली. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

परवा पुन्हा गेले होते. एक अनोळखी बाई काचेला नाक लावून खाली डोकावत होती. कुंभारीणच असणार. तोच पहारेकरी वैतागून तिच्याजवळ आला.

"दिसणार नाही, बाई. मीच सांगतो. खाली तीन बोटं आहेत, मधलं तुटकं. विल्मा स्ट्राउडचं. हिरवा तिचाच."